पाणपोईपाशी थांबलेली मॉरिस

सन १९६२. ज्येष्ठाचा पहिला आठवडा. जयपुरात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं, असा तो उन्हाळा.

सुभेदार देवरामने होळीच्या सुमारास विमा कचेरीतल्या प्रभाकर साठ्यांकडून जुनी मॉरिस मायनर घेतली होती. गाडी लहान, पाठीला गोल, पण इमानी. रोज छावणीतून बाजार आणि पोरीची शाळा. गाडी देताना साठे म्हणाले होते, "सुभेदार, पुढच्या बंपरला पाण्याची छागल टांगत जा. उन्हात पेट्रोलचा पंप तापला की गाडी उभी राहते. ओलं फडकं टाकलं की चालते."

"पलटणीच्या गाड्या हाकल्यात मी, साठेसाहेब. म्हशीच्या गळ्यात लोढणं असतं तशी पिशवी मला नको."

ती कापडी छागल देवरामने साठ्यांच्या हातात परत ठेवली होती.

त्या दिवशी आमेरला हवालदार हणमंताच्या पोराचं जावळ होतं. जेवणं झाली. देवरामची सहा वर्षांची सुनंदा पोरांबरोबर उन्हात खेळली आणि दुपार कलायच्या आत तिचं अंग तव्यासारखं तापलं. घाम थांबला. पोर बरळू लागली. लू लागली होती. बायकोने, विजयमालाने, तिला मागच्या सीटवर मांडीवर घेतलं, जवळ पाण्याची एक सुरई ठेवली, आणि देवरामने छावणीच्या इस्पितळाची वाट धरली.

डोंगराचं वळण उतरताना समोरचं आभाळ मातकट झालं, मग काळं. आंधी आली. भर दुपारी दिवा लावावा असा अंधार. वाळू काचेवर फडाफडा आदळू लागली आणि सगळीकडे जळक्या मातीचा वास भरला. त्यातच इंजिन दोनदा आचकलं आणि बंद पडलं.

देवरामने किल्ली फिरवली. पंप टक्-टक्-टक्-टक् वाजत राहिला. रिकामा वाजत होता. पेट्रोल ओढत नव्हता.

"काय झालं?"

"पंप तापलाय. पाणी दे."

विजयमालाने सुरई हलवली. तळाशी घोटभर उरलं होतं. "हे तुमच्या गाडीला देऊ का पोरीला?"

देवरामने मागे वळून सुनंदाकडे पाहिलं. मग म्हणाला, "पोरीला."

तो खाली उतरला आणि बोनेट उघडून उभा राहिला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. 

"छागल कोनी ल्यायो, फौजी?"

आवाज अगदी कानाजवळून आला. शेजारी एक म्हातारी उभी होती. तिच्यामागे, अंधारात, गवताने शाकारलेली पाणपोई दिसत होती. आंधीने देवरामचा सदरा फाटायला आला होता, पण म्हातारीच्या ओढणीची कडसुद्धा हलत नव्हती.

"नाही आणली, आई," तो म्हणाला. "चुकलं."

"घमंड पीके प्यास बुझे है के?" म्हातारी हसली. तिने ओलं फडकं पंपावर टाकलं. चर्र झालं, वाफ उठली. तिचा हात त्याच्या मनगटाला लागला... गार. रात्रभर पाण्यात ठेवलेल्या दगडासारखा.

मग ती मागच्या दाराशी गेली. लांब तोटीच्या लोट्यातून तिने सुनंदाच्या ओठांवर धार धरली, डोक्यावर धरली, छातीवर धरली. धार खळेना. लोटा एवढासा, आणि पाणी सीटवरून वाहून खाली आलं.

"अहो..." विजयमाला पुटपुटली. "लोटा भरला कुठून हिने? पाणपोईचं मडकं तर पालथं आहे..."

"गप. बस आत."

पंप दोनदा वाजून थांबला. पेट्रोल आलं होतं. देवरामने गाडी काढली आणि मागे पाहिलं नाही.

सुनंदा वाचली. रात्री तिने डोळे उघडून भात मागितला.

पहाटे देवराम साठ्यांच्या दारात उभा होता. त्याने आमेरच्या वाटेवरच्या पाणपोईतल्या म्हातारीचं सगळं सांगितलं.

"पाणपोईवरची धापू?" साठ्यांनी चष्मा काढला. "सुभेदार, ती गेल्या ज्येष्ठातच गेली. टँकर आला नाही. उरलंसुरलं येणाऱ्या-जाणाऱ्याला पाजत राहिली. सापडली तेव्हा जीभ लाकडासारखी झाली होती म्हणतात. आमेरला जाताना माझी छागल मी तिच्या मडक्यात ओतायचो. ती गेल्यावरही ओतायचो. तुम्हाला सांगितलं असतं, तर हसला असता."

"हसलो असतो," देवराम म्हणाला.

त्याने पाण्याचे चार डबे गाडीत घातले आणि पाणपोई गाठली. पाणपोईचं गवत अर्धं उडालं होतं. मडकं पालथंच होतं, आत कोळ्याचं जाळं. त्याने ते पुसलं, सुलटं मांडलं, टिचकी मारून पाहिलं. खणखणीत होतं, कुठे तडा नव्हता.

पहिला डबा ओतला. मडक्यातून गट्-गट् आवाज आला, माणूस घाईने पितो तसा. देवराम वाकला. आत थेंब नव्हता. खालची वाळू कोरडी होती.

 तरी तो हलला नाही.

"सावकाश पी, आई," तो म्हणाला. "ठसका लागेल."

दुसरा ओतला. तोही गेला. तिसऱ्याला आवाज संथ झाला, मधे मधे थांबू लागला. मग एक लांब उसासा.

चौथा डबा त्याने हळूहळू ओतला. मडकं काठोकाठ भरलं, आणि भरलेलंच राहिलं.