जोडीदाराचे ओठ

दवाखान्याचं शटर अर्धं ओढून कंपाउंडरकाका पायरीवर टेकले की पोरं भोवती जमायची. चाळीस वर्षं पुड्या बांधलेला माणूस. गोष्टही पुडीसारखीच बांधायचा. कडू काय ते कशात गुंडाळायचं, त्याला बरोबर ठाऊक. त्या संध्याकाळी दिवे लागून गेल्यावर चौघं होती. तीन मुलगे, आणि दुसऱ्या वर्षाला कॉलेजला रामराम ठोकलेली एक मुलगी.

काका म्हणाले, ऐकीव नाही, माझ्या ओळखीतल्या माणसाबरोबर घडलंय. तुम्हीही ओळखता. किल्लेदार.

किल्लेदार म्हणजे काही गडकोटाचा नव्हे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून किल्लेदार. बावीस वर्षं तो गिरणीत विणकर होता. मग गिरणीला टाळं लागलं. बरीच वर्षं तिच्यात कबुतरं राहिली, आणि कबुतरांनंतर पैसेवाली माणसं आली. जिथे सूत कातायचे तिथे उंच छताचे फ्लॅट झाले, जिथे कापड विणायचे तिथे कलाकेंद्र. एक जुना माग घासूनपुसून, रंग देऊन काचेच्या खोलीत उभा केला. शेजारी स्पीकर. दोनशे मागांचा आवाज तिकीट काढून ऐकायचा. नव्या लोकांना तो फार आवडायचा, डोळे मिटून ऐकायचे.

आवडायचा नाही तो गिरणीबाहेरच्या अकरा घरांतल्या म्हाताऱ्यांचा आवाज. मागांनी कान खाल्लेली माणसं ती. एकाने दुसऱ्याला ‘जेवलास का’ विचारलं तरी लांबून वाटायचं, आता डोकी फुटणार. तक्रारी गेल्या. ठरलं असं की ही ओळ रिकामी करायची, तिथे चित्रकारांना आणि कुंभारकाम शिकवणाऱ्यांना खोल्या द्यायच्या, आणि म्हाताऱ्यांना गावाबाहेरच्या इमारतीत हलवायचं. रहिवाशांची संमती तेवढी हवी होती.

म्हातारे काय करत होते? पायरीवर बसून शिव्या देत होते. कागद-पेन घेऊन एकही उठला नाही. उठला तो किल्लेदार, आणि तो पलीकडे जाऊन बसला. केंद्राने त्याला निळा कोट दिला, पहारेकऱ्याची नोकरी दिली आणि फाटकामागची खोली मरेपर्यंत तुझीच म्हणून सांगितलं. बदल्यात अकरा सह्या आणायच्या आणि सभेत उभं राहून म्हणायचं, आम्ही सगळे राजी आहोत.

यातलं पुढचं काकांनी गाळलं. मुलीला ते ठाऊक होतं.

दहा सह्या मिळाल्या. कुणी लिफ्टला भुलला, कुणी नोटिशीला भ्याला. अकरावं घर किल्लेदाराच्या जोडीदाराचं. बावीस वर्षं दोघांचे माग एकमेकांना लागून. जोडीदार जाऊन सहा वर्षं झालेली, घरात त्याची बायको, किल्लेदाराची वहिनी, एकटी, ठार बहिरी. तीही गिरणीतच रीळ भरायची. गिरणीच्या गदारोळात गळ्याने बोलून उपयोग नसे, तिथे सगळे ओठांनी बोलत, आवाज न काढता. वहिनी आता तेवढंच वाचायची. आणि ज्यांचे ओठ ती डोळे झाकून मानायची, त्यांत दीराच्या जागी असलेला किल्लेदार पहिला. कागद कसला, तिने विचारलं. तो नीट तिच्यासमोर बसला आणि ओठांनी म्हणाला, “पाईप.” नळाचा पाईप बदलायचाय, सही कर. तिने केली. खाली साक्षीदार म्हणून सही होती कंपाउंडरकाकांची.

ही मुलगी तिची नात.

तर ती रात्र, काका सांगू लागले, सतरा डिसेंबरची. बुधवार. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सभा. नऊ वाजून दहा मिनिटांनी किल्लेदाराचा फोन वाजला. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली बाई. अगदी गोडीत बोलली. तुमच्या त्या मागांचा आवाज चालूच राहिलाय हो, बाळ झोपत नाहीये, जरा बंद कराल का.

किल्लेदार उठला. बंद केला होता, त्याची खात्री होती. पण मोठ्या लोकांशी खात्रीने बोलायची त्याला सवय नव्हती. हो ताई, म्हणाला. कोट चढवला, बॅटरी घेतली, निघाला.

अंगणातच आवाज आला. आतला लांबलचक हॉल अंधारा. भिंतीवर मोठाली चित्रं, त्यांच्यावरून बॅटरीचा उजेड घसरत गेला. काचेची खोली टोकाला. त्याने दार उघडलं.

स्पीकरवरचा हिरवा दिवा विझलेला. बटण बंद. त्याने वायर पाहिली. संध्याकाळी सहाला त्याने स्वतः प्लग काढून वायर गुंडाळून ठेवली होती. तशीच होती. गुंडाळलेली.

आवाज चालू होता.

तो आता स्पीकरच्या बाजूने येतच नव्हता. खालून येत होता. फरशीतून, चपलांतून, पोटऱ्यांतून. विणकराला हे सांगावं लागत नाही. ध्वनिमुद्रण कानाला कळतं, माग पायाला कळतो.

आवाज वाढला. आणखी वाढला. मग... काहीच नाही. थांबला नव्हता. इतका झाला होता की ऐकूच येईना. पहिल्या दिवशी कामावर उभं राहिल्यावर झालं होतं तसं.

त्याने बॅटरी वर केली.

रंगवलेल्या मागापलीकडे कुणीतरी उभं होतं.

जोडीदार. उभा राहायचा तिथेच. चेहरा, गळा, सदऱ्याचं पहिलं बटण. त्याखाली माग आडवा. हात दिसत नव्हते.

त्याच्याकडेच बघत होता. रागाने नाही. कसंच नाही.

ओठ हलले.

मिटले. उघडले. मिटले.

किल्लेदाराने ओठांनीच विचारलं, काय?

मिटले. उघडले. मिटले.

इथे काका थांबले. पोरांना म्हणाले, जरा आवाज न काढता ‘माप’ म्हणा बघू. आता ‘माफ’. आता ‘पाप’. एकमेकांकडे बघून म्हणा.

मुलांनी म्हटलं. ओठ सगळ्यांचे सारखेच हलले. एक जण हसायला गेला आणि अर्ध्यात राहिला.

काका म्हणाले, प, फ, ब, म, ओठांवर सगळे एकच. म्हणून गिरणीत हाताची खूण जोडायचे. माप, म्हणजे कापड किती झालं, तर दोन्ही तळवे लांब धरायचे. माफ कर, तर हात छातीला. पापाला खूण नव्हती. कामावर त्याची गरज पडत नसे.

आणि हात मागाआड होते.

किल्लेदार वाट बघत राहिला. हात वर येतील म्हणून. हात वर घे रे. एवढंच. हात वर घे...

मिटले. उघडले. मिटले.

किती वेळ गेला, त्याला सांगता आलं नाही. खिशात काहीतरी थरथरलं. फोन. नऊ पन्नास. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईचा मेसेज. ‘थांबला आवाज. थँक यू हं.’

मान वर केली. पलीकडे भिंत होती.

सकाळी सभेला तो वेळेवर आला. कोट इस्त्रीचा. नाव पुकारल्यावर माईकसमोर उभा राहिला आणि बोलू लागला. आवाज नाही. नव्या लोकांना वाटलं माईक बिघडला. एकाने येऊन माईक ठोकला, ठक ठक, चांगला चालत होता. किल्लेदाराचे ओठ तेवढे हलत होते. मागच्या रांगेत अकरा घरांतले म्हातारे बसले होते, त्यांनी वाचलं असणार. एकेक उठून घरी गेले. तेवढंच त्यांना जमतं.

सभा दहा मिनिटांत आटोपली. अकरा सह्या होत्या, कागदाला आवाज लागत नाही. मार्च संपायच्या आत ओळ रिकामी झाली. किल्लेदाराची नोकरी राहिली. पहारेकरी बोलता असावा असं नियमात नव्हतं. तो आजही फाटकावर बसतो, आजही बोलत नाही. त्या रात्रीचं त्याने काकांना लिहून दिलं, दवाखान्याच्या कोऱ्या कागदावर, दोन्ही बाजूंनी.

पोरांची चर्चा सुरू झाली. एक म्हणाला, माफच म्हणाला असेल, जोडीदार होता शेवटी. दुसरा म्हणाला, छे, पाप. तिसऱ्याने दोघांना उडवून लावलं. “बाप काढला असेल त्याचा.” यावर जरा हसू झालं.

“पाईप,” मुलगी म्हणाली.

हसू थांबलं.

“पाईपही तसाच दिसतो. म्हणून बघा, काका.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ओठ मात्र हलले.

“सामान टेम्पोत भरत होते तेव्हा आजी विचारत होती,” ती म्हणाली, “पाईप बदलला की परत यायचं ना. मी काय सांगू? मला ओठांनी खोटं बोलता येत नाही. तुमच्या वयाची माणसं शिकलेली आहेत.”

मुलांना यातलं काही कळलं नाही. काकांना कळलं. समोरच्या दुकानाचा दिवा गेला. कुणीतरी कुलूप लावून निघून गेलं. काका चष्मा पुसत राहिले, पुसून झाला तरी.

मग ते बोलले. आवाज पुडी बांधणाऱ्याचा नव्हता.

सभेनंतर तासाभरात किल्लेदाराला दवाखान्यात आणलं होतं. घशाला काही झालेलं नव्हतं. डॉक्टरांनी सहज कानात बघितलं आणि चिमटा मागितला. ट्रे काकांनी धरला होता. आधी उजव्या कानातून, मग डाव्या. कापसाचे बोळे, मागाच्या तेलात बुडवलेले. गिरणीत कामाला उभं राहण्याआधी विणकर चालत्या मागाचं गरम तेल लावून कानात घालायचे तसले.

“जुने असतील,” एक मुलगा म्हणाला. “राहून गेले असतील आत.”

“गिरणी बंद होऊन एकोणीस वर्षं झाली होती,” काका म्हणाले. “तेल ट्रेमध्ये ठिबकत होतं.”

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“आणि बोळे... कोमट होते.”