डांबरातली चाकोरी

“ए मंजुळे, ऐकतेस की झोपलीस?”

वरच्या फांदीवरून भैरूने नेम धरून चिंचोका मारला. तो मंजुळाच्या वेणीवर टप्पकन आपटला, तरी ती हलली नाही.

“ऐकतेय की! उद्या सकाळी लवकर मोशीला जायचं, इंद्रायणीत डुंबायचं आणि ऊन चढायच्या आत परत यायचं.”

“आणि भाकऱ्या कोण घेणार?” खालच्या फांदीवरून ज्योतीरामने विचारलं. दहा वर्षांच्या ज्योतीरामला कुठल्याही बेतात पहिली काळजी भाकरीची!

“तुझ्याकडे दिल्या तर गावाबाहेर पडायच्या आत संपतील,” भैरू म्हणाला.

“मग निम्म्या आधीच खाऊन निघू!”

सन छप्पन्नचा मे महिना होता. मंजुळाचे वडील कासारवाडीच्या स्टेशनात कामाला होते. पण शाळेला सुट्टी लागली की ती भोसरीला मावशीकडे यायची. भैरू आणि ज्योतीराम हे मावशीचे मुलगे. दुपारी सगळं गाव निजलं की तिघांचं बस्तान शिवेवरच्या या चिंचेवर.

इथून नाशिकचा डांबरी रस्ता लांबवर दिसायचा. मंजुळाला तो बघत बसायला फार आवडे. उन्हाने हवा थरथरू लागे आणि दूर रस्त्यावर पाणी पसरल्यासारखं दिसे. त्या पाण्यात बाभळी उलट्या लटकत, माणसं पायांवाचून चालत येत आणि जवळ पोचता पोचता पुन्हा साधीसुधी होत. कुठेतरी एक होला घुमत होता. त्याच्या तालावर मंजुळाचे डोळे अर्धे मिटत, अर्धे उघडत.

भोसरीकडून तात्याबाची बैलगाडी चाकणच्या बाजाराला निघाली होती. गाडीत कांद्याची पोती. तात्याबा पोत्यांना टेकून बसलेला, मान छातीवर. बैल मात्र रस्त्याच्या डाव्या कडेने शांतपणे पावलं टाकत होते.

आणि पलीकडून, त्या चकाकत्या पाण्यावरून एक जीप आली. तिला चाकंच नव्हती! ती तरंगत होती. एकदा या काठाला लागल्यासारखी व्हायची, मग हळूच वळून त्या काठाला. किती छान डोलतेय, असं मंजुळाला वाटलं.

पुढच्याच क्षणी जीपला चाकं आली, आवाज आला, आणि धाडकन ती गाडीवर आदळली!

“तात्याबा!” भैरू ओरडला.

तिघं झाडावरून उतरले की पडले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. धावत पोचले तेव्हा गाडी आडवी झाली होती. कांदे रस्ताभर घरंगळत होते. एक बैल गुडघ्यांवर बसून धापा टाकत होता आणि तात्याबाचा पाय पोत्याखाली भलताच वाकडा झाला होता.

“माझा सर्जा... सर्जाला बगा आधी,” तात्याबा पुटपुटला.

जीपमधून हिंदुराव ठेकेदार उतरले. या रस्त्याला खडी पुरवण्याचा ठेका त्यांचाच. जीपचा आधार घेऊन ते कसेबसे उभे राहिले आणि जमलेल्या लोकांवर खेकसले, “झोपा काढत गाडी हाकतो म्हातारा! बैल थेट माझ्या अंगावर घातले!”

तात्याबाला एका मालमोटारीतून पुण्याच्या दवाखान्यात नेलं. तासाभरात फौजदार उद्धवराव आले आणि पंचनामा सुरू झाला.

“हिंदुराव, तोंडाला वास येतोय,” फौजदार म्हणाले.

“येणारच! अपघातानंतर छातीत धस्स झालं. गाडीत औषधाची ब्रँडी होती, ती घोटभर घेतली. परवाना आहे माझ्याकडे!” हिंदुरावांनी कागद पुढे केला. “आधी थेंब घेतला असेल तर सिद्ध करा.”

तेव्हा सगळ्या इलाख्यात दारूबंदी होती. पण औषध म्हणून परवाना मिळायचा. उद्धवरावांनी कागद उलटापालटा करून पाहिला आणि परत दिला.

“कोणी पाहिलं का काही?” त्यांनी विचारलं.

मंजुळा पुढे झाली. “मी पाहिलं. जीप... जीप पाण्यावरून तरंगत आली. डोलत डोलत. या काठावरून त्या काठाला.”

मग जो हशा पिकला! हिंदुराव तर पोट धरून हसले.

“रस्त्यावर पाणी? मे महिन्यात? पोरगी झाडावर झोपली होती, साहेब! तिकडे म्हातारा झोपलेला, इकडे साक्षीदार झोपलेली!”

उद्धवराव हसले नाहीत. ते खाली वाकून म्हणाले, “बाळ, तुझ्यावर माझा अविश्वास नाही. पण कोर्टात तरंगणारी जीप चालायची नाही. कोर्टाला मोजमाप लागतं.” मग त्यांनी वही मिटली. जीप चावडीपुढे नेऊन उभी केली. तेही त्या रात्री चावडीवरच मुक्कामाला राहिले.

संध्याकाळी मंजुळाने ताट तसंच ठेवलं. गवरामावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “तात्याबाला डुलकीची सवय हाय, हे सारा गाव जाणतो. त्यानं स्वतःच सांगितलं, मला डोळा लागला व्हता म्हणून. आता खटला त्याच्यावरच व्हायचा, पोरी.”

“पण मावशी, बैल झोपले नव्हते!” मंजुळा म्हणाली. बोलून झाल्यावर तिच्याच ध्यानात आलं, की बैल तर आपल्या कडेनेच चालत होते.

सकाळी मोशीचा बेत रद्द झाला. “इंद्रायणी काही पळून जात नाही,” भैरू म्हणाला. मंजुळाने मोजमाप लिहायला वही घेतली, ज्योतीरामने भाकऱ्या मात्र बरोबर घेतल्या, आणि तिघं अपघाताच्या जागेकडे निघाले.

अपघाताच्या जागेच्या अलीकडे आणि पलीकडे रस्त्यावर मोठाले दगड मांडून ठेवले होते. वाहनं बाजूच्या कच्च्या वाटेने जात होती. रस्त्याकडेला बारीक खडीचे ढीग पडले होते आणि वाफेवरचा रोलर उभा होता. त्याचा चालक चिमाजी विडी ओढत बसला होता.

“रस्ता का बंद केला, चिमाजीकाका?” भैरूने विचारलं.

“हिंदुरावांचा हुकूम. कालच बंद केला. उन्हानं डांबर पाघळतंय म्हणत्यात, खडी टाकून दाबायची. बाया येतीलच आता. घाई करा म्हणून तीनदा सांगावा आला.”

“पाघळतंय?” मंजुळा थबकली. ती खाली बसली आणि तिने रस्त्यावर हात ठेवला. रात्रीच्या गारव्याने डांबर दगडासारखं कडक झालं होतं. पण काल दुपारी ते लोण्यासारखं मऊ होतं, आणि त्या मऊपणात जे जे रुतलं ते सगळं तसंच गोठून राहिलं होतं!

“भैरू! इकडे ये! हे बघ!”

डाव्या कडेला बैलगाडीच्या लोखंडी धावांच्या दोन बारीक चाकोऱ्या होत्या. सुतात आखल्यासारख्या सरळ. आणि त्यांच्या समोरून, मोशीच्या बाजूने, रबरी चाकांचे रुंद पट्टे आले होते. ते आधी आपल्या कडेला होते, मग मध्यावर, मग पुन्हा कडेला, मग थेट पलीकडे... सापासारखे वळत वळत ते गाडीच्या चाकोरीवर येऊन आदळले होते.

“डोलत डोलत,” भैरू हळूच म्हणाला. “मंजुळे, तू झोपली नव्हतीस!”

“पण ही जीपचीच कशावरून? लॉऱ्यासुद्धा जातात की,” ज्योतीरामने विचारलं. मग तो उकिडवा बसून चाकांच्या ठशांची नक्षी बघू लागला. “उजव्या चाकाच्या नक्षीतला एक तुकडा नाहीये. प्रत्येक फेऱ्याला तिथे रिकामी जागा उमटलीय.”

“चावडीवर पळ!” मंजुळा म्हणाली. “आधी जीपचं चाक बघ, मग फौजदारसाहेबांना घेऊन ये!”

“आणि भाकऱ्या?”

“ज्योत्या!!”

तो सुसाट पळाला.

“आता मोजमाप,” मंजुळा म्हणाली. “दोर हवा.”

भैरूने इकडे तिकडे पाहिलं. रस्त्याकडेच्या विहिरीवर रहाट होता. त्याने पोहरा सोडवला, दोर काढला आणि हाताहातावर गाठी मारल्या. मंजुळा वहीत लिहू लागली. दर वीस पावलांवर दोघं वाकत. जीप तिच्या कडेपासून किती लांब? “एक हात! तीन हात! अर्धा! पाच! दोन! सहा!” गाडी तिच्या कडेपासून किती लांब? “एक हात. एक हात. एक हात. एक हात!”

“तात्याबाचे बैल परीक्षेत पहिले येतील,” भैरू म्हणाला.

तेवढ्यात हिंदुराव आले. बरोबर घमेली घेतलेल्या दहाबारा बाया. मुलांच्या हातात वही आणि दोर पाहून त्यांच्या कपाळावरची शीर ताठ झाली.

“काय चाललंय? चला व्हा बाजूला! चिमाजी, रोलर चालू कर!”

“पाणी भरावं लागंल जी. टाकी रिकामी हाय.”

“मग भर!”

चिमाजी विहिरीवर गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. “दोर न्हाई रहाटाला.”

मंजुळाने आणि भैरूने एकमेकांकडे पाहिलं. मोजण्यासाठी नेलेला दोर! हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. मंजुळाने पटकन दोर पाठीमागे घेतला.

“दोर यांच्याकडे आहे! हिसकावून घे!”

“पळ भैरू!” मंजुळाने दोर त्याच्याकडे फेकला आणि भैरू ज्वारीच्या धसकटांतून अनवाणी धूम पळत सुटला. हिंदुराव चार पावलं धावले आणि धापा टाकत थांबले.

“बायांनो, खडी टाका! लवकर!”

बायांनी घमेली उचलली. मंजुळा त्या सापासारख्या खुणांवर जाऊन उभी राहिली. उन्हं वर चढली होती, डांबर पुन्हा ऊबदार होऊ लागलं होतं. “मावशी,” ती सगळ्यांत पुढच्या बाईला म्हणाली, “याच्याखाली तात्याबाचा पुरावा आहे. तुम्ही खडी टाकलीत तर तो दबून जाईल.”

त्या बाईचं नाव कुशाबाई. तिने खुणांकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि घमेलं खाली ठेवून त्यावर बसली. “आमच्या न्याहारीची वेळ झाली,” ती म्हणाली. मागच्या साऱ्या बाया खाली बसल्या.

हिंदुराव आरडाओरडा करत होते तोच उद्धवराव पोचले. त्यांचा हात धरून ओढत आणणारा ज्योतीराम लांबूनच ओरडत होता, “तुकडा नाहीये! जीपच्या चाकालापण तोच तुकडा नाहीये!”

फौजदारांनी वही घेतली. जिथून खुणा सुरू झाल्या तिथपर्यंत ते एकटेच चालत गेले आणि सावकाश परत आले.

“हिंदुराव, ब्रँडी अपघातानंतर घेतलीत ना? मग अपघाताच्या आधी फर्लांगभर ही जीप कोण डोलवत होतं?”

तेव्हा चिमाजी पुढे आला. त्याने डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. “साहेब, काल मोशीच्या आंब्याखाली जेवताना यांनी बाटली रिकामी केली. म्या बगितलं. चालवू नका म्हनलो, तर शिवी दिली. काम जाईल म्हनून काल गप ऱ्हायलो. माझं चुकलं.”

“लिहून घेतो,” उद्धवराव म्हणाले. मग मंजुळाकडे वळून, सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, “काल हिच्यावर आपण हसलो. हिने पाहिलं ते अगदी खरं होतं. फक्त ते कोर्टाच्या भाषेत नव्हतं. आज या पोरांनी तेही करून दाखवलं. शाबास!”

दोन दिवसांनी फौजदार जबानी घ्यायला दवाखान्यात गेले, तेव्हा तिघांना बरोबर घेऊन गेले. तात्याबा पाय टांगून पडला होता. सगळं ऐकून झाल्यावर त्याने फौजदारांच्या वहीकडे बोट दाखवलं.

“साहेब, येक लिवा. म्या झोपलो व्हतो.”

“अहो तात्याबा, आता त्याची गरज नाही! गाडी तर कडेनेच चालली होती!” भैरू कळवळून म्हणाला.

“ते बैलांचं शानपन. माझं न्हाई. माझी चूक ती माझी. ती बी लिवा.”

उद्धवरावांनी लिहिलं. मग मुलांना म्हणाले, “यांची चूक आहेच, तिची यांना समज देईन. पण यांच्या झोपेने कोणाला धक्का लागला नाही. दारू पिऊन चाक हातात घेणारा माणूस मात्र शुद्धीत असतानाच ठरवतो, की समोरच्याचं काय व्हायचं ते होवो. म्हणून जबाबदारी त्याची. कायदा त्याला सोडत नाही.”

आणि सोडलं नाही. पावसाळा सरता सरता निकाल लागला. हिंदुरावांना तुरुंगवास झाला, गाडी चालवण्याचा परवाना गेला आणि तात्याबाच्या औषधपाण्याचा, गाडीचा, बैलाचा सगळा खर्च त्यांच्यावर बसला. चावडीपुढे गावाने तिघांना फेटे बांधले. ज्योतीरामचा फेटा डोळ्यांवर यायचा, तरी त्याने तो निजेपर्यंत काढला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मंजुळा पुन्हा भोसरीला आली, तेव्हा तात्याबाची गाडी चाकणकडे निघालेली तिला दिसली. दुपार होती. गाडीत बसायला हवी तेवढी जागा होती. पण तात्याबा खाली उतरून, काठी टेकत, लंगडत, सर्जाच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता.

“बसा की वर, तात्याबा!” ती धावत जवळ गेली. “पाय दुखत असेल!”

“दुखतोय की,” तात्याबा म्हणाला. “पन दुपारच्याला न्हाई बसत मी आता. डोळा लागतो.”

मंजुळा दुसऱ्या बैलाच्या बाजूला गेली, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि शिवेपर्यंत तात्याबाच्या पावलाने चालत राहिली.