श्रीकंडीची चोळी

रविवारी सकाळी जावा बेटावरच्या सोलोचा मोठा रस्ता गाड्यांना बंद असतो आणि सगळं शहर वजन कमी करायला घराबाहेर पडतं. रस्त्याच्या एका कडेला लोक धावतात, उड्या मारतात, घाम गाळतात. दुसऱ्या कडेला बायका चटया अंथरून, केळीच्या पानावर नारळाच्या दुधातला वाफाळता भात वाढत बसतात. या कडेला घालवायचं आणि त्या कडेला भरून काढायचं. शहर होतं तेवढंच राहतं आणि कोणाची तक्रार नसते.

किनांतीची मात्र होती. त्या दुसऱ्या कडेकडे पाहायचंसुद्धा नाही, असं तिने ठरवलं होतं. पण त्या रविवारी धावता धावता तिच्या बुटाची नाडी सुटली, आणि सुटली तीही नेमकी भाताच्या चटईसमोर. ती वाकली. नाडी बांधायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ वाकून राहिली...

"ताई, तेवढी नजर काढाल का?"

तिने मान वर केली. समोर एक काडीपैलवान मांडी घालून बसला होता. गाल आत गेलेले, मान लांब, डोळे मात्र खट्याळ.

"कसली नजर?"

"माझ्या पानावर लागलेली. तिसरं पान आहे, घशात अडकलं तर?"

"तिसरं?" किनांतीच्या तोंडून निघून गेलं. "अहो, जातं कुठे ते?"

"तेच मीही शोधतोय. आई म्हणते, माझ्या पोटाला बूडच नाही."

"आणि मी नुसता वास घेतला तरी तो माझ्या अंगी लागतो."

"मग उभ्या का? बसा ना. मी खातो, तुम्ही वास घ्या — दोघांचंही काम होईल."

खरं तर किनांतीने त्याला चार शब्द सुनवायला हवे होते. जिभेची ती काही गरीब नव्हती. पण तिला हसू आलं, आणि हसली की तिच्या गालाला अशी काही खळी पडायची, की समोरचा माणूस घास चावायचा विसरला. ते पाहून ती एकदम लाजली आणि नाडी तशीच लोंबत ठेवून पळत सुटली.

संध्याकाळी ती थिएटरात आली, तर आरशासमोर तोच काडीपैलवान बसलेला! अंगात म्हातारीचं लुगडं, डोक्यावर चिमूटभर अंबाडा.

"किनांती, हा गालिह," मंडळ चालवणारे दार्सोनो गुरुजी म्हणाले. "आपला नवा चांगिक. म्हणजे आजपासून तुझी आई."

गालिहने आरशातूनच तिच्याकडे पाहिलं आणि म्हातारीच्या आवाजात विचारलं, "आलीस का ग पोरी? नाडी बांधलीस का?"

सोलोच्या त्या जुन्या थिएटरात रोज संध्याकाळी महाभारत चालतं. पांडव येतात, लढाया होतात, आणि मधल्या एका प्रवेशात राजवाड्यातल्या दोन दासी येतात. हडकुळी आई चांगिक आणि गुबगुबीत लेक लिंबुक. या दोघींना सगळं माफ. त्या राजाची टिंगल करोत, प्रेक्षकांची करोत, नाहीतर खुद्द गुरुजींची. त्या प्रवेशात बोललेल्या शब्दाचा राग कोणी धरायचा नाही, हा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. किनांती शाळा सुटल्यापासून लिंबुक होती. दिवसा बाटिकच्या दुकानात गिऱ्हाइकांना कापडं दाखवायची आणि संध्याकाळी लोकांना हसवायची. लोक पोट धरून हसायचे.

पण तिला व्हायचं होतं श्रीकंडी.

श्रीकंडी म्हणजे आपला शिखंडी. जावात मात्र ती अस्सल बाई आहे, अर्जुनाची बायको आणि त्याच्याच हाताखाली तयार झालेली धनुर्धारी. तिचा नाच किनांतीने विंगेत उभं राहून इतक्या वेळा पाहिला होता, की तो तिच्या बोटाबोटांत भिनला होता. आता आधीची श्रीकंडी लग्न करून जकार्ताला गेली होती, वर्धापनदिनाचा खेळ तोंडावर आला होता आणि जागा रिकामी होती. किनांतीने धीर करून विचारलं, तेव्हा गुरुजींनी पेटीतून जरीची काळी मखमली चोळी काढली. त्यांच्या दिवंगत बायकोने ती आपल्या हाताने भरली होती. स्वतः श्रीकंडी व्हायची ती.

"खेळाआधीच्या शनिवारी ही घालून दाखव," गुरुजी म्हणाले. "हिचे हिचे आकडे लागले, तर भूमिका तुझी. चोळी माणसासाठी बदलत नाही, पोरी. माणसाने चोळीसाठी बदलायचं."

झालं. तेव्हापासून किनांतीचा जीव त्या आकड्यांत अडकला होता. भात सोडला, साखर सोडली, सोमवार-गुरुवारचे रोजे धरले. पहाटे दोरीच्या उड्या, रविवारी धावणं. आणि औषधाच्या दुकानातला वजनकाटा? तो ढिम्म. शेजारच्या बायका वर तोंडावर म्हणायच्या, "किनांती, बाई, जाड झालीस का ग?" इकडे हे 'कशी आहेस' विचारल्यासारखं विचारतात. किनांती हसून "हो ना" म्हणायची आणि घरी येऊन उकडलेल्या भोपळ्याकडे बघत बसायची.

"मी येतो तुझ्याबरोबर धावायला," गालिह म्हणाला.

"तू? तू धावलास तर उरशील का?"

"आईचं कर्तव्य असतं बाई काही!"

आणि तो खरोखर यायला लागला. शेजारून धावताना एवढ्या गप्पा मारायचा, की हसून हसून किनांतीला धाप लागायची. भीम व्हायचं म्हणून तो गाव सोडून इथे आला होता. "गुरुजींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं," त्याने सांगितलं, "आणि म्हणाले, गदा उचल. मी गदा धरली... मग गदेनेच मला खाली बसवलं." महिनाभराने दोघं वजनकाट्यावर चढली. वजन चांगलंच उतरलं होतं — पण गालिहचं!

किनांती त्या आकड्याकडे बघत राहिली. तिचा स्वतःचा काटा तसूभरही हलला नव्हता. हसावं की रडावं, तिला कळेना. मग ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"माझं काय चुकतंय, गालिह? सगळं करते मी... सगळं."

तो शिकवायला गेला नाही, हे त्याचं नशीब. त्याने नुसती तिच्या हातातली पाण्याची बाटली घेऊन, झाकण उघडून, परत तिच्या हातात ठेवली.

एका संध्याकाळी खेळ संपल्यावर पाऊस लागला. गालिहची स्कूटर होती आणि दोघांत एकच रेनकोट, तोही झुलीसारखा, दोघांना पुरणारा. किनांती स्कूटरजवळ घुटमळली.

"मी रिक्षाने जाते. तुझं टायर..."

"माझ्यासाठी तरी बस ग," तो म्हणाला. "एकटा चालवतो तेव्हा वारा मला दुसऱ्याच गल्लीत नेऊन सोडतो. तू मागे असलीस की... घरी पोचायची खात्री असते."

ती बसली. झुलीखाली अंधार, पावसाचा आवाज आणि त्याच्या शर्टाला येणारा रंगाच्या तेलाचा वास. ती आधी दोन्ही हातांनी मागची दांडी धरून होती. वळणावर तिने दांडी सोडली. पुढचे दोन चौक गालिह एक शब्द बोलला नाही, आणि त्याच्यासारख्या बडबड्याच्या बाबतीत याचा अर्थ काय, ते किनांतीला न कळण्याइतकी ती भोळी नव्हती.

शनिवार उजाडला. कपडेपटातल्या पार्ती मावशींनी किनांतीला चोळी चढवली. किनांतीने श्वास आत ओढला, पोट पाठीला लावलं, डोळे मिटले. मावशींनी ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. आकड्यांमध्ये चार बोटांचं अंतर राहिलं. पहिल्या दिवशीही तेवढंच होतं.

गुरुजी दारातून बघत होते. "वाईट वाटतं, पोरी," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं. "पण लिंबुक म्हणून तुझा हात धरणारं कोणी नाही. भूमिका दुसऱ्या मंडळातल्या मुलीला द्यावी लागेल."

ते गेले. किनांतीने चोळी नीट घडी करून पेटीत ठेवली. मग रंगपटाच्या कोपऱ्यात लिंबुकचं लुगडं गुंडाळत ती गालिहला म्हणाली, "आजचा खेळ शेवटचा. उद्यापासून मी येणार नाही."

"बरं."

"बरं? एवढंच?"

"मग काय, रडू? माझा रंग ओघळेल." त्याने आरशातली नजर काढून सरळ तिच्याकडे पाहिलं. आवाज त्याचा स्वतःचा होता. "किना, आपल्या प्रवेशात बोललेल्याचा राग कोणी धरत नाही. आज मी काही ठरवून येत नाही. तुला जे बोलायचंय ते बोल. मी तिथेच आहे."

थिएटर खच्चून भरलं होतं. शनिवारच तो! गामेलान वाद्यवृंदाने ओळखीची चाल धरली आणि मायलेकी नाचत आल्या.

"काय ग लिंबुके," चांगिकने विचारलं, "तोंड का पाडलंस?"

किनांती थबकली. ठरलेला विनोद ओठांवर होता. तो तिने गिळला.

"आई, मला श्रीकंडी व्हायचंय."

हशा उसळला. तिने हसू ओसरू दिलं आणि मग सगळं सांगितलं. भोपळा सांगितला, रोजे सांगितले, काट्यावर चढताना कानातले काढून ठेवते तेही सांगितलं. समोरच्या रांगेतल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत हसू लागल्या. "अग, माझंसुद्धा हेच!" एक जण ओरडली.

"आणि उतरलं किती?" चांगिक.

"उतरलं की! तुझं!"

लोकांची मुरकुंडी वळली. चांगिकने आपल्या फासळ्या चाचपून पाहिल्या. मग तिने हळूच विचारलं, "पोरी, पण तुला तो नाच येतो का?"

"येतो."

"मग नडतंय कुठे?"

"चार बोटं."

आता हसू कमी झालं होतं. किनांती रंगमंचाच्या कडेपर्यंत आली. खाली गामेलानवाल्यांच्या मधोमध, ठोके द्यायच्या लाकडी पेटीसमोर, हातात मोगरी घेऊन दार्सोनो गुरुजी बसले होते. त्यांच्या ठोक्याशिवाय तिथे ना कोणी नाचतं, ना ढोलकीवाला हात उचलतो.

"गुरुजी," ती म्हणाली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "लिंबुकला सगळं माफ असतं ना? मग एक मागते. श्रीकंडीचा ठोका द्या."

ढोलकीवाल्याने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी मोगरीकडे बघत राहिले. चांगिक हळूच मागे सरकली आणि तिने रंगमंच लेकीला मोकळा करून दिला.

टक.

किनांतीने पाऊल उचललं. दासीचं जाडंभरडं लुगडं, गालांवर विदूषकाचे लाल ठिपके — आणि हात मात्र श्रीकंडीचे. मनगट वळलं, मान हळूच फिरली, नजर बाणाच्या टोकावर जाऊन थांबली. पहिल्या काही क्षणांत कोणीतरी सवयीने हसलं, त्याला शेजाऱ्याने गप्प केलं. मग कोणी हसलं नाही. तिचं वजन जमिनीवर असं ठाम उतरत होतं, की तिने नसलेलं धनुष्य ओढलं तेव्हा लोकांना त्याचा ताण जाणवला. तिने बाण सोडला. टक! शेवटचा ठोका तिच्या बोटांबरोबर पडला.

आणि मग टाळ्यांनी छप्पर दणाणलं. बायका उभ्या राहिल्या. किनांती धापा टाकत होती, रडत होती, आणि तिला स्वतःचा इतका अभिमान वाटत होता, की तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

मग रंगपटात गुरुजी आले. त्यांनी पेटी उघडली, चोळी बाहेर काढली आणि क्षणभर जरीवरून हात फिरवला.

"पार्ती," ते म्हणाले, "शिवण उसव."

"गुरुजी...?"

"उसव. नवी मखमल लाव बाजूंना. आधीही दोनदा उसवलीय ती, माझ्या दोन्ही मुलांच्या जन्मानंतर. तेव्हा दिवा धरून मीच बसलो होतो... विसरलो होतो मी." मग किनांतीकडे न बघताच ते गुरगुरले, "डावं कोपर खाली पडतं तुझं. उद्या लवकर ये."

सगळे पांगल्यावर गालिह अजून अंबाड्यातच बसला होता. अर्धा चेहरा म्हातारीचा, अर्धा पुसलेला.

"झालीस श्रीकंडी," तो म्हणाला. "आता तुला आई लागणार नाही. मग मी... मी कोण म्हणून राहायचं?"

"भीम?"

"गदा उचलत नाही ग."

"अर्जुनाचं काम तर इथे मुलीच करतात." ती त्याच्यासमोर बसली आणि ओल्या फडक्याने त्याच्या गालावरच्या सुरकुत्या पुसू लागली. "तू गालिहच राहा. मला तोच हवाय."

"असं सगळ्यांदेखत बोलली असतीस तर?"

"तुझी हिंमत होती का ऐकायची?"

"नव्हती," तो कबूल झाला. मग तिचं फडक्यासकट मनगट धरून म्हणाला, "मला तू आवडतेस, किना. त्या नाडीपासून. हे आपल्या प्रवेशातलं नाही हं. याचा राग धरायचा तर धर."

तिने राग धरला नाही. हात मात्र धरला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तालमीआधी किनांती धावली, कारण धावणं आता तिला आवडायला लागलं होतं. मग ती रस्ता ओलांडून त्या दुसऱ्या कडेला आली. चटईवर गालिह बसला होता, आणि समोर एकच पान.

"आज एकच?" तिने विचारलं.

"म्हटलं, नजर लावणारी येईल." त्याने सरकून जागा केली. "नुसती नजर नको लावूस. घास घे."

तिने बुटाच्या नाड्या सोडल्या, मांडी घातली आणि पहिला घास घेतला. भात गरम होता.