पाऊणपट भरती

चारशे घरांच्या बेटाला गोडं पाणी देणाऱ्या यंत्राचा पंप पोचवायचा, तोही समुद्राचा मोसम बंद व्हायच्या आत, एवढंच आमचं काम होतं. पनवेलजवळ कोनला माझं गोदाम आहे. मी, कल्पेश, गेली नऊ वर्षं तिथून जहाजाने आणि विमानाने माल पाठवतो. पण लक्षद्वीपच्या एका टोकाच्या बेटावर स्वतः जायची वेळ आली ती निव्वळ हट्टापायी. माझ्याच.

त्याचं असं झालं, पेटी होती साडेतीनशे किलोची. कोचीच्या विमानतळावर माणसाने फीत लावली आणि मान हलवली. "विमानाच्या दारातून जाणार नाही. खोलून आतला पंप तेवढा द्या, उद्याच्या विमानाने नेतो."

खोलून? माझं डोकंच फिरलं! कारखान्याच्या सीलबंद पेटीचा खिळाही हलवायचा नाही, हे मी गोदामाच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवून घेतलंय. त्या माणसाला चार शब्द सुनावले आणि पेटी मालवाहू जहाजावर चढवली.

सोबत दाजी होते, माझ्या गोदामाचे मुकादम. मिठागरात जन्म गेलेला माणूस. पनवेलच्या खाडीला भरती कधी येणार हे घड्याळ न बघता सांगायचे आणि पाव तासाचाही फरक पडायचा नाही. तिथीची पाऊणपट करायची, की झाली भरतीची वेळ. बापाने शिकवलेला हिशोब.

दोन दिवस समुद्राने आमचं अन्न पोटात टिकू दिलं नाही. जहाज एका कुशीवर जायचं आणि परत यायचा विचारच करायचं नाही असं वाटायचं. वारा तोंडावर मीठ फेकत होता. कप्तान तर त्या वाऱ्याचाच भाऊ! त्याला आम्ही, आमची पेटी, सगळंच नकोसं झालं होतं. तिसऱ्या दिवशी, बुद्धपौर्णिमेच्या सकाळी, बेट दिसलं: पांढरी वाळू, माडांची रांग आणि भोवती प्रवाळाचं कडं. त्या कड्यावर लाटा फुटत होत्या. आत जायला एकच अरुंद वाट.

"मी इथेच थांबणार. दुपारी एकला नांगर उचलणार," कप्तान म्हणाला. "पेटी उतरली तर उतरली."

बेटावरून एक सपाट होडी आली. तिच्यावर हमजाकोया नावाचा वाळलेला, तिखट डोळ्यांचा नावाडी होता. घड्याळात नऊ वाजत होते. तो ओरडायला लागला, "अभी! अभी चलो! अभी पानी है, बाद में पत्थर!"

दाजींनी बोटांवर मोजलं. "पुनव म्हंजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पानी अजून चढतंय. आता गेलो तं वाटंत आपटू."

"अभी!" कोयाने होडीच्या कडेवर मूठ आपटली.

"याला काय कलतंय? आमी सात पिढ्या खाडीत हाव!"

कोयाने दाजींकडे असं पाहिलं की मलाच राग आला. मी माझ्या माणसाच्या बाजूने उभा राहिलो. पावणेअकरापर्यंत पेटी उतरवू दिली नाही. कोया होडीत पाठ फिरवून बसला, समुद्राला शिव्या देत. बहुधा आम्हालाच.

अकराला निघालो. वाटेच्या तोंडाशी पोचलो. प्रवाळ पाण्याबाहेर डोकावत होतं. ओलं, काळं, धारदार! पाणी चढत नव्हतं, उतरत होतं!

खर्रर्र! होडी बसली.

मागून लाट आली. होडी उचलली, आपटली. पुन्हा आपटली! तळाची फळी करकरली. घोट्यापर्यंत पाणी! कोयाने पेटीकडे बोट केलं. "फेंको!"

"नाही!" मी ओरडलो. "पंप आहे यात! तुमचं पाणी आहे!"

"मेरा बच्चा खारा पानी पीता है, मालूम है मेरेको!" त्याचा आवाज फुटला. "हम मरेगा तो कौन पहुँचाएगा?"

दाजींचा चेहरा पांढरा पडला होता. खाडीतला सात पिढ्यांचा हिशोब इथे दीड-दोन तासांनी चुकला होता. ते एकदम होडीतली पहार उचलून म्हणाले, "कल्पेश, पेटी खोल."

"दाजी, सील आहे..."

"सील गेला खड्ड्यात! वजन कशाचं हाय ते बघ!"

फळ्या उचकटल्या. आत लोखंडी सांगाडा, त्यात चार बोल्टांवर बसवलेला पंप, जेमतेम पेटाऱ्याएवढा. बाकी सगळं वजन लोखंडाचं आणि लाकडाचं! कोयाने इंजिनाच्या डब्यातून पाना काढला. एक बोल्ट सुटला. दुसरा. लाट! तिसरा. चौथा हलेना. मी पाना धरला, दाजींनी त्यावर पाय देऊन अंग टाकलं. कट्! पंप मोकळा झाला. तिघांनी पहारीवर जोर लावला आणि सांगाडा फळ्यांसकट समुद्रात गेला.

पुढची लाट आली. होडी हलकी झाली, उचलली गेली, आणि कोयाने इंजिन असं पिळलं की आम्ही कड्यावरून घसरत आतल्या निळ्या, शांत पाण्यात पडलो. मी रडत होतो. लाज वाटली नाही.

किनाऱ्यावर पंप वाशाला बांधून खांद्यावर वाहत यंत्रघरात नेला. तिथल्या मिस्त्रीने उलटसुलट पाहिला, खूश झाला. मी मान खाली घालून म्हटलं, "सांगाडा बुडाला."

"सांगाडा?" तो हसला. "जुना इथे आहेच की. आम्ही फक्त पंप मागवला होता. आठ दिवस विमानाची वाट बघतोय."

विमान तर त्या कोचीच्या माणसाने देऊ केलं होतं.

संध्याकाळी नळाला पाणी आलं. कोयाच्या पोराने एक पेला गटागटा संपवला आणि दुसरा मागितला. कप्तान केव्हाच निघून गेला होता. आम्हाला आता बेटावरूनच परतीची सोय बघायची होती. दाजी पायरीवर बसले होते. मग उठले, कोयाच्या शेजारी जाऊन टेकले आणि हळूच विचारलं, "उद्या हितली भरती कती वाजता रं?"

कोयाने बोटांवर मोजायला सुरुवात केली. दाजी मधे एक अक्षर बोलले नाहीत.