हिरव्या टाचा

स्वराआजी आणि आर्यनआजोबा यांचं लग्न गगनबावड्याच्या शेवाळ-दवाखान्यात जुळलं. तो काळ असा, की स्वरा आणि आर्यन ही नावं ऐकली तरी डोळ्यांपुढे काठी आणि कवळी यायची. दोघांनाही साखरेचा आजार, दोघांच्याही पायाला न भरणारी जखम आणि दोघांच्याही टाचेवर हिरवीगार पट्टी. आता पत्रिकेत बघायचं तरी काय उरलं?

ही पट्टी म्हणजे डॉ. ऋग्वेदा माईणकर यांची उभ्या जन्माची कमाई. घाटातले दगड, खोडं, कौलं, विहिरींचे काठ खरवडून त्यांनी शेकडो जातींचं शेवाळ जमवलं होतं. शास्त्रात त्याला हरिता म्हणतात. काही हरिता स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषतात, म्हणून जुन्या युद्धांत त्या कापसाऐवजी जखमेवर बांधत. हरितेची चुलतबहीण म्हणजे यकृतका. तिचं अंग चपटं, यकृताच्या आकाराचं, आणि तिच्या रसापुढे बुरशीची डाळ शिजत नाही. डॉक्टरांनी दोघींचे गुण एकीत आणले आणि तिला माणसाच्या कातडीवर जगायला शिकवलं. ही पट्टी जखमेतला ओलावा प्यायची, जंतू मारायची आणि तहान लागली की पायाला खाज सुटेल असा रस सोडायची. तांब्याभर पाणी ओतलं की खाज बंद. रोगी औषध विसरतो, पण हे औषध रोग्याला विसरू देत नाही, असं डॉक्टर मोठ्या अभिमानाने सांगत.

धोका एकच होता. या शेवाळात नर वेगळा आणि मादी वेगळी. नराचं बीज पाण्यातून पोहत मादीकडे जातं, मग मादीवर बारीक देठांची बोंडं येतात आणि ती वाळून उघडली की पिठासारखे बीजाणू वाऱ्यावर उडतात. म्हणून पुरुषांना नर पट्टी, बायकांना मादी, आणि वॉर्ड वेगवेगळे. लग्नाचं कळल्यावर डॉक्टरांनी दोघांना बजावलं की तुमचे पाय एका पाण्यात भिजता कामा नयेत.

दोघांनी शब्द पाळला. सप्तपदी पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून झाली. भटजींनी मंत्र थांबवून एकदा मनसोक्त हसून घेतलं. पण आदल्या दिवशीची गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. आजोबांची बहीण मायराआत्या रीतीभातीला पक्की. तिने आंब्याच्या पानांनी भावाला पायापासून हळद चढवली आणि उरलेली ओली हळद वाजतगाजत नवरीकडे नेली. उष्टी हळद लागल्याशिवाय लग्न कसलं? नवरीलाही सुरुवात पायापासूनच झाली. हळदीने एरवी पुष्कळ गोष्टी मरतात, पण डॉक्टरांनी आपलं शेवाळ कशालाही पुरून उरेल असंच घडवलं होतं.

श्रावणात आजींच्या टाचेवर बोंडं आली. डॉक्टरांचा चेहरा उतरला. पट्टी ताबडतोब खरवडून काढावी लागेल, जखम पुन्हा उघडेल आणि कदाचित पाय कापावा लागेल, असं त्यांनी न लपवता सांगितलं.

"आणि न्हाई काढली तर?" आजींनी विचारलं.

"तर ती गावभर पसरेल. ज्याची टाच भेगाळलेली, त्याच्या टाचेत रुजेल. मग ती माझ्या हातात राहणार नाही."

"म्हंजी गावाच्या भेगा भरतील आन् माझा पाय ऱ्हाईल. ह्यात वाईट काय, ते सांगा की बाई."

काय वाईट, ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. नुसती भीती वाटत होती. पण भीती वाटते म्हणून म्हातारीचा पाय कसा मागायचा? शुक्रवारी हत्यारं घेऊन येते, एवढं बोलून त्या उठल्या.

शुक्रवारी त्या पोचल्या तर घरात डोहाळजेवण चाललेलं. बोंडं धरली म्हणजे दिवस गेले, असा मायराआत्याचा सरळ हिशेब. आजी हिरवं लुगडं नेसून पाटावर बसलेल्या, पाय चौरंगावर, टाचेला मोगऱ्याचा गजरा. भोवती साऱ्या गल्लीतल्या बायका, अनवाणी, शेतात राबून भेगाळलेल्या टाचांच्या. आजोबा दाराआडून नव्या बापासारखे डोकावत होते. डॉक्टरांच्या हातातला चिमटा कुणीतरी काढून घेतला आणि तिथे डिंकाचा लाडू ठेवला. त्यांना दरदरून घाम फुटला.

"ताईस्नी घाम आलाय, पंखा लावा गं," मायराआत्या म्हणाली.

डॉक्टर नको म्हणेपर्यंत पंखा पूर्ण वेगात फिरू लागला होता. पिकलेल्या बोंडांना वाळायला तेवढंच हवं होतं. आजी सटकन शिंकल्या.

दिवाळीपर्यंत आजींची जखम भरली आणि गावात एकही टाच भेगाळलेली राहिली नाही. फक्त पाऊस आला की सगळं गाव ओट्यावर पाय बाहेर काढून ओळीने बसू लागलं. छत्र्यांचं दुकान बंद पडलं. नोकरीसाठी कोरड्या मुलखात गेलेली पोरं आठवड्यात परत यायची आणि कारण विचारलं तर पाय खाजवायची.

उन्हाळ्यात पुण्याला सरकारी समितीने डॉक्टरांना बोलावलं. शेवाळ मारणारं औषध तयार होतं. त्यांनी हो म्हणायचा अवकाश. हो म्हणायचं हे त्यांनी घरूनच ठरवलं होतं. पण अध्यक्षांनी प्रश्न विचारला आणि नेमकी त्यांच्या उजव्या टाचेला खाज सुटली. त्यांनी हळूच बुटात ग्लासभर पाणी ओतलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू.

"मग मारायचं?" अध्यक्षांनी पुन्हा विचारलं.

"नको," डॉक्टर म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. हे उत्तर डोक्यातून आलं की टाचेतून, ते त्यांना सांगता आलं नसतं.

"माझंही तेच मत आहे," अध्यक्ष म्हणाले. "तो पाण्याचा जग जरा इकडे सरकवता?" आणि त्यांनी टेबलाखाली वाकून बूट काढला.