कुक्करहळ्ळीचे झोळीवाले

तिपाईला पाय लागला आणि दुर्बीण कलंडली. आभाने डोळे गच्च मिटले. काही फुटल्याचा आवाज आला नाही म्हणून उघडले, तर एका तरुणाने ती दुर्बीण तान्ह्या बाळासारखी छातीशी धरली होती.

"मेले आता," ती पुटपुटली.

"मरू नका ओ. काही झालं नाही," तो म्हणाला. चक्क मराठीत... तेही म्हैसूरच्या कुक्करहळ्ळी तलावाकाठी.

त्याचं नाव प्रणेश. चामराजपुरममध्ये पिढीजात शिवणकामाचं दुकान. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. आभा नाशिकची, नोकरीसाठी इथे आलेली. एका जागी बसणं तिला जमायचंच नाही, म्हणून ती रोज सकाळी तलावाला झपाझप फेऱ्या मारायची.

"स्वल्प थांबून बघा की," त्याने दुर्बीण तिच्याकडे वळवली.

चोचीत काटकी धरून एक थोराड पांढरा पक्षी झाडावर उतरत होता. फेब्रुवारीचं कोवळं ऊन, आणि घरटी बांधायची नुसती धांदल.

"झोळीवाला! पेलिकन," ती हरखून म्हणाली.

"आम्ही हेज्जार्ले म्हणतो. झोळी कुठली ओ त्याला?"

"चोचीखाली. कपडे शिवता ना? मग शिवण दिसायला हवी."

तो मान खाली घालून हसला. ते हसू तिला दिवसभर आठवत राहिलं.

मग फेऱ्या कमी झाल्या, थांबणं वाढलं.

मार्च लागताना पुण्याच्या ऑफिसातून निरोप आला – बदली घेऊन इकडे या, येताय का ते सोमवारी कळवा. तिने प्रणेशला सांगितलं, त्याच्या चेहऱ्यावर नजर ठेवून.

"बरं झालं की," तो म्हणाला. "आईबाबा जवळ होतील."

एवढंच. आभाचा चहा कपात गार होऊ लागला. ती बॅग भरायची, पुन्हा उपसायची. दोन दिवस ती हट्टाने तलावावर गेली नाही, आणि दोन्ही दिवस तिला दुसरं काही सुचलं नाही.

सोमवारी गेली. प्रणेश दुर्बिणीला डोळा लावून उभा होता.

"काय दिसतंय?"

"हेज्जार्ले," तो न वळता म्हणाला.

"झाकण न काढता?"

त्याचे कान लाल झाले.

"थांबा म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?" तिने विचारलं.

"मी म्हणणार, तुम्ही थांबणार... अन् उद्या इथं मन लागलं नाही तर? मी कुठल्या तोंडानं समोर येऊ?"

"मन लागत नाहीये, ते जायची गोष्ट निघाल्यापासून."

तो तिच्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, "जाऊ नका, आभा."

तिने तिथेच पुण्याला फोन लावला. येत नाही म्हणाली. साहेबांनी कारण विचारलं. "घरगुती आहे," एवढं सांगून तिने फोन ठेवला.

"घर तर तुमचं नाशिकला अस्तंय," प्रणेश म्हणाला.

"एक तिथं आहे. दुसरं तुम्ही दाखवताय, की मीच शोधू?"

त्याने घाईघाईने तिपाई मिटली, बोट चिमटून घेतलं, आणि दुखल्याचं दाखवलं नाही.

"चला," तो म्हणाला. "आईनं उप्पिट्टू केलंय. पण तिखट अस्तंय ओ, आधीच सांगतो."