व्हर्नाच्या खिडकीतले रंग

हसायचं तर हसा, पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलंय. अमेरिकेत आयोवातलं आमचं गाव, ऑक्टोबरची संध्याकाळ.

थॅचर नावाच्या आर्किटेक्टने १९१०च्या सुमारास गावात बांधलेल्या घरांपैकी दोनच उरली होती. एक मावशीचं, म्हणजे थोराचं, आणि शेजारचं व्हर्नाचं.

व्हर्नाच्या दिवाणखान्यात थॅचरची रंगीत काचेची खिडकी शाबूत होती. मावशीची गारपिटीत फुटली आणि तिच्या नवऱ्याने तिथे साधी काच बसवली. तेव्हापासून घरं बघायला येणारे लोक व्हर्नाकडे आत जायचे, आणि मावशी अंगणात त्यांना लिंबाचं सरबत द्यायची.

मावशी आतून जळायची.

"थोराचंही घर छान आहे हं," व्हर्ना पाहुण्यांना सांगायची. "बाहेरून."

त्या संध्याकाळी मावशी बटाटे सोलत होती. सूर्य कलला... आणि दिवाणखान्याच्या जमिनीवर हिरवा, पिवळा, लाल उजेड पडला.

साध्या काचेतून.

मावशीने हे कुणालाच सांगितलं नाही. उलट रोज ती त्या उजेडाची वाट बघू लागली.

इकडे चर्चमध्ये कॉफी पिताना व्हर्ना कुरकुरू लागली, की खिडकीचे रंग फिके पडताहेत.

"वय झालं गं आपलं, दुसरं काय," मावशी म्हणाली. मनातून तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

व्हर्ना खंगत गेली. दिवसभर खुर्ची ओढून खिडकीसमोर बसायची. रंग गेले की मीही जाणार, म्हणायची. मावशीला सगळं कळत होतं. तरी ती गप्प राहिली.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी व्हर्ना त्याच खुर्चीत वारली. तिची खिडकी पाण्यासारखी बिनरंगी झाली होती. मी स्वतः पाहिली.

दफन उरकून मावशी घाईघाईने घरी आली. जमिनीवर सगळे रंग होते. आता फक्त तिचे.

आणि त्यांच्या मधोमध... खुर्चीत बसलेल्या बाईची सावली.

मावशीने पडदा ओढला. खोली अंधारली.

रंग तसेच राहिले...

सावलीने मान वळवली.

घर सोड म्हणून मी तिच्या किती विनवण्या केल्या. भीतीने तिचं अर्धं वजन उतरलंय, पण ती जागची हलत नाही.

"मी इथून गेले की ते सगळं परत तिचं होईल," मावशी म्हणते. "देत नाही मी."

हल्ली मी सूर्य कलायच्या आत तिथून निघतो.